जुळ्यांचं पान

आमच्या जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीत तिला सगळे ‘वहिनी’ म्हणत. संचालक म्हणत, शिपाई म्हणे, खिडकीवर रोज घिरट्या घालणारे दलालसुद्धा म्हणत. हे नाव तिला ज्या माणसामुळे पडलं, त्याचं आधी सांगितलं पाहिजे.

वहिनीचा नवरा आमच्याकडे कारकून होता. शेजारच्या टेबलावर त्याचा जिवलग मित्र बसे, तोही कारकूनच. दोघांचा डबा एकत्र, चहा एकत्र, साहेबांच्या शिव्याही एकत्रच. नवरा आजारी पडून तीन महिने इस्पितळात होता, तेव्हा हा मित्र कचेरी सुटली की रोज त्याच्या उशाशी जाऊन बसे. नवरा गेला. त्याच्या जागेवर सत्तावीस वर्षांच्या बायकोला नोकरी मिळाली. पहिल्या दिवशी ती दारात घुटमळत उभी होती. हा मित्र उठून पुढे झाला आणि म्हणाला, “या वहिनी, हे तुमचं टेबल.” तेव्हापासून ती साऱ्या कचेरीची वहिनी झाली. ती त्याला भाऊजी म्हणायची.

भाऊजी पुढे खात्याच्या परीक्षा देत देत उपसंचालक झाले. वहिनी टेबलावरच राहिली, पण त्या टेबलावरून तिने कचेरी चालवली.

मी तिथला भांडारपाल. कागदाचे गठ्ठे, शाई, मोडक्या खुर्च्या आणि न फिरणारे पंखे सांभाळणारा माणूस. त्यामुळे मी सगळं पाहिलं आणि माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

ती आली त्याच वर्षी कचेरीत पहिले संगणक आले, तेव्हा लोकांनी त्यांच्यावर कापडं घालून ठेवली. वहिनीने कापड काढलं. पुस्तकं आणून, चुकत माकत, ती प्रोग्रॅम लिहायला शिकली. जन्माच्या आणि मृत्यूच्या जाडजूड वह्या तिने एकेक करून संगणकात घेतल्या आणि त्यांना शोधता येईल, दाखला छापता येईल, चूक पकडता येईल असा प्रोग्रॅम उभा केला. तो तेवीस वर्षं चालला. बंद पडला तरी दुपारपर्यंत उठून बसायचा. लोक म्हणत, मशीनला वहिनीच्या पावलांचा आवाज कळतो.

मग वरून ठरलं की खात्याचं संगणकाचं सगळं काम खाजगी तंत्रज्ञान भागीदाराकडे द्यायचं. भागीदार म्हणजे एक कंपनी. तिचा प्रकल्पप्रमुख तिशीतला, गोड बोलणारा, उन्हाळ्यातही गळ्यात टाय. आम्ही त्याला ‘टायवाला’च म्हणू लागलो. वहिनीला या बदलाचं वाईट वाटलं नव्हतं. ती मला म्हणाली होती, “बरं झालं. माझ्या मागे कोण बघणार होतं हे सगळं? शिकवीन मी त्यांना.”

पण मग ती सभा झाली.

सभागृहात चाळीस-बेचाळीस माणसं होती. टायवाला पडद्यावर जुन्या प्रोग्रॅमचे दोष दाखवत होता. प्रोग्रॅम लिहिताना दोन ओळींच्या मध्ये आपल्यासाठी टिपणं लिहून ठेवता येतात. मशीन ती वाचत नाही, फक्त माणूस वाचतो. वहिनीने तेवीस वर्षांत अशी शेकडो टिपणं लिहिली होती, साध्या घरगुती मराठीत. टायवाल्याने ती शोधून काढून मोठ्या अक्षरांत पडद्यावर लावली आणि एकेक वाचू लागला.

“‘इथे हात लावू नका, रडाल.’” हशा. “‘हे का चालतं मला माहीत नाही, पण चालतंय तर चालू दे.’” आणखी हशा. वहिनीही हसली. मी तिच्या मागेच खुर्च्या मोजत उभा होतो. ती खरंच हसली होती.

मग त्याने पुढचं लावलं. आवाज रडका काढून वाचलं, “‘आज ह्यांना जाऊन वर्ष झालं. डोकं चालत नाही. उरलेलं उद्या.’” आणि हात पसरून म्हणाला, “तर मंडळी, असा आहे सरकारी प्रोग्रॅम. डोकं चालत नाही, उरलेलं उद्या!”

सभागृह हशाने दणाणलं. ‘ह्यांना’ म्हणजे कोणाला, हे त्याला माहीत नसणार. बसलेल्यांतही निम्म्यांना माहीत नसेल. पण पहिल्या रांगेत उपसंचालक बसले होते, त्यांना माहीत होतं. त्यांनीच तर मित्राचे डोळे मिटताना पाहिले होते. ते मान मागे टाकून हसले. डोळ्यांतलं पाणी पुसत टायवाल्याला म्हणाले, “पुढे चला, पुढे चला.”

वहिनी उठली नाही. रडलीही नाही. सभा संपेपर्यंत बसली, मग जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाली, “तुमच्याकडे कोरे कागद किती आहेत?”

“लागतील तेवढे.”

“लागतील,” ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती उपसंचालकांना ‘साहेब’ म्हणू लागली. त्यांना फरक कळला की नाही, कोण जाणे.

हस्तांतराला नव्वद दिवस दिले होते. पहिल्या आठवड्यात वहिनी कंपनीच्या माणसांना समोर बसवून सांगायला गेली. ती सांगायची तशी, पाल्हाळाने, प्रत्येक गोष्टीची जन्मकथा सांगत. त्यांना घाई होती. टायवाल्याने तक्रार केली आणि उपसंचालकांनी लेखी आदेश काढला: ‘जुन्या प्रणालीबाबत तोंडी माहिती देऊन वेळ घालवू नये. जे काही असेल ते लेखी द्यावे.’

तो आदेश तिने दोनदा वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.

तिने लिहायला घेतलं. सकाळी नऊला यायची, पाचला जायची, आणि मधे लिहायची. तेवीस वर्षांत जे जे शिकली ते सगळं. कुठल्या गावाच्या वहीत दोन वर्षं शाई फिकी आहे, कुठल्या इस्पितळाने महिनाभर तारखा उलट्या लिहिल्या, नाव न ठेवलेलं बाळ कसं नोंदवायचं. नव्वदाव्या दिवशी सहाशे अकरा पानं झाली. एक अक्षर लपवलेलं नव्हतं. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण पानांवर क्रमांक मीच मारले.

कराराप्रमाणे प्रत्येक पानावर ‘वाचले, समजले’ असा शिक्का आणि कंपनीची सही हवी होती, साक्षीदार म्हणून उपसंचालकांची. सह्या झाल्याशिवाय काम सुरू करायला परवानगी नव्हती, आणि उद्घाटनाची तारीख तर छापून गेली होती. मग काय, एका दुपारी टायवाला आणि उपसंचालक शेजारी शेजारी बसले, चहा आला, बिस्किटं आली, आणि सह्यांचा धडाका सुरू झाला. पानं उलटायला वहिनी. शिक्का मारायला मी.

तीनशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर तिचा हात किंचित थांबला. मला दिसलं ते. टायवाल्यालाही दिसलं असावं, कारण त्याने पेन वर करून विचारलं, “यात काही विशेष?”

ती म्हणाली, “सगळं लिहिलंय. वाचा ना.”

त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि सही केली. उपसंचालकांनी त्याखाली केली. मी शिक्का मारला. वहिनीने पान उलटलं.

एक प्रत कंपनीला गेली. दुसरी प्रत तिने रीतसर आवक वहीत नोंदवून माझ्या भांडारात ठेवली, चार गठ्ठ्यांत. पुढच्याच सोमवारी तिचीही बदली भांडारात झाली. उपसंचालक म्हणाले, “वहिनी, आता आराम करा.” माझ्या मोडक्या खुर्च्यांमधली एक बरी खुर्ची तिने निवडली, खिडकीजवळ लावली आणि बसली. त्या खिडकीतून दाखल्यांच्या रांगा दिसत.

“काय आहे त्या पानावर?” मी एकदा विचारलं.

तिने सांगितलं. वहीत बाळाचं नाव बहुधा नसतंच. नाव मागून ठेवतात. तेव्हा जुळ्यांच्या नोंदी डोळ्यांना एकच दिसतात. आईबाप तेच, तारीख तीच, इस्पितळ तेच. फरक फक्त जन्माच्या वेळेत, चार-पाच मिनिटांचा. मशीनला वाटतं एकच नोंद दोनदा झाली. तिच्या प्रोग्रॅमला ती मिनिटं पाहायला शिकवलेलं होतं. नव्या प्रणालीत मिनिटांचा रकानाच नव्हता. आणि कंपनीने जाहीर केलं होतं की पहिल्याच आठवड्यात दुबार नोंदी साफ करणार.

“म्हणजे जुळी…”

“एकच होतील,” ती म्हणाली आणि पेनाचं टोपण लावलं.

मी म्हटलं, “वहिनी, सांगून टाका त्यांना.”

“सांगितलंय. लेखी.”

मी पुन्हा माझे गठ्ठे मोजायला लागलो. खरं सांगायचं तर मलाही तो हशा आठवत होता, आणि मलाही बघायचंच होतं काय होतं ते.

उद्घाटन झालं, भाषणं झाली. कंपनीने हजार नोंदी निवडून चाचणी घेतली होती; त्यांत एकही जुळं निघालं नव्हतं. आठवड्याभरात वर्तमानपत्रात बातमी आली की नव्या प्रणालीने नऊ हजार दुबार नोंदी शोधून काढल्या. उपसंचालकांचा फोटो होता. वहिनीने तो कापून टेबलाच्या काचेखाली ठेवला.

मग रांगा वाढल्या.

पहिले आले दोन म्हातारे भाऊ, एकसारखे टकले, एकसारखे चिडके. एकाचा दाखला निघत होता, दुसऱ्याचा नाही. खिडकीवर भांडण जुंपलं. “जो आहे तो मी आहे, हा नाही!” एक म्हणाला. दुसरा म्हणाला, “अरे, लहानपणापासून हेच चाललंय तुझं!” रांगेतले लोक हसले. मीही हसलो. वहिनीच्या ओठांचा कोपरा हलला.

पण त्यांच्या मागे एक बाई होती. तिच्या जुळ्या भावंडाचा जन्मानंतर तिसऱ्याच दिवशी मृत्यू झाला होता. दोन्ही नोंदी एक झाल्या तेव्हा मृत्यूची खूण हिच्या नावाला चिकटली. कारकून पडद्याकडे बघत म्हणाला, “बाई, तुम्ही मयत आहात.” ती म्हणाली, “मग सकाळपासून रांगेत कोण उभंय?” कोणी हसलं नाही. ती घरी गेली, दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशी पुन्हा.

वहिनी खिडकीतून सगळं बघायची. मी म्हटलं, “पुरे झालं का?”

“अजून माझ्यावर आळ आलेला नाही,” ती शांतपणे म्हणाली. “आत्ता सांगितलं तर गुपचूप दुरुस्त करतील, आणि वर म्हणतील किरकोळ अडचण होती. मला किरकोळ नकोय.”

मला तेव्हा तिची पहिल्यांदा भीती वाटली.

आणि मग एका सकाळी तिची धाकटी बहीण भांडारात आली, सोबत मुलगी. या बहिणीला जुळ्या मुली. थोरली सात मिनिटांनी मोठी. ही आलेली धाकटी. वहिनीला मूलबाळ नव्हतं. या दोघींना तिनेच अभ्यासाला बसवलं होतं, तापात उशाशी बसली होती. धाकटीवर तिचा जास्त जीव, हे सगळ्यांना माहीत होतं, थोरलीलासुद्धा.

धाकटीची सरकारी इस्पितळात परिचारिका म्हणून निवड झाली होती. पंधरा दिवसांत रुजू व्हायचं होतं, आणि त्याआधी जन्मनोंदीची पडताळणी. मशीन म्हणत होतं, अशी व्यक्ती नाही.

“ताई, तुझंच खातं आहे गं,” बहीण म्हणाली. “कोणाला तरी सांग.”

धाकटी हसत म्हणाली, “मावशी, मी नाहीये म्हणे! आता तूच सांग मी आहे म्हणून.”

वहिनीने तिच्या केसांवरून हात फिरवला. म्हणाली, “बघते.”

त्या दोघी गेल्यावर तिने एक कोरा कागद पुढे ओढला. मी चहा आणला, तो तसाच निवला. एक चिठ्ठी लिहायची होती तिला, एका ओळीची: पान तीनशे अठ्ठ्याऐंशी पाहा. कागद समोर होता, पेन हातात होतं.

“लिहा,” मी म्हटलं.

तिने लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. बहिणीचा फोन आला की “प्रयत्न चालू आहे” म्हणायची. अकरा दिवस गेले.

अकराव्या दिवशी तिच्या नावाने नोटीस आली. उपसंचालकांनी वर कळवलं होतं की जुनी प्रणाली सांभाळणाऱ्या कर्मचारी महिलेने हेतुपुरस्सर माहिती दडवली, त्यामुळे हा गोंधळ झाला. तिच्यावर कारवाई व्हावी. वर्तमानपत्रातही तेच. वहिनीने नोटीस वाचली, आणि खरं सांगतो, तिचा चेहरा एखाद्या मुलीसारखा उजळला.

“आले,” ती म्हणाली. “आपल्या पायांनी चालत आले.”

चौकशी तीन दिवसांनी झाली, त्याच सभागृहात. चौकशी अधिकारी बाहेरच्या खात्यातल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. एका बाजूला टायवाला आणि कंपनीचे वकील, मधे उपसंचालक, आणि दुसऱ्या बाजूला वहिनी. तिच्यामागे मी, ढकलगाडीवर चार गठ्ठे घेऊन.

उपसंचालक बराच वेळ बोलले. कौटुंबिक संबंधांचा उल्लेख केला, दुःख झालं म्हणाले. टायवाला म्हणाला, अशा महत्त्वाच्या नियमाची कंपनीला कल्पनाच दिली गेली नव्हती.

वहिनी उठली. तिसरा गठ्ठा सोडला. पान काढून अधिकाऱ्यांपुढे ठेवलं.

अधिकाऱ्यांनी ते वाचलं आणि टायवाल्याकडे सरकवलं. “ही सही कोणाची?”

“माझी… पण आम्ही त्या दिवशी…”

“वाचा. मोठ्याने.”

त्याने वाचलं. “‘जुळ्यांच्या नोंदी दुबार वाटतात. त्या दुबार नाहीत. जन्माची मिनिटे पाहिल्याशिवाय नोंदी एकत्र करू नयेत. केल्यास जिवंत माणूस नोंदीतून पुसला जाईल.’” त्याचा आवाज बसला होता.

“खाली?”

“‘वाचले, समजले.’”

“साक्षीदार कोण?”

उपसंचालकांनी रुमाल काढला. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. वहिनीने आपल्या पुढचा पाण्याचा पेला उचलला, चालत गेली आणि त्यांच्यापुढे ठेवला. “पाणी घ्या, भाऊजी,” ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं, अगदी मायेने.

त्यांनी वर पाहिलं. मला वाटतं, सगळं कशासाठी होतं ते त्यांना त्या एका शब्दात कळलं.

अधिकारी मात्र कच्च्या नव्हत्या. त्या वहिनीकडे वळल्या. “यांनी वाचलेलं नाही हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“हो.”

“मग तोंडाने का नाही सांगितलंत?”

वहिनीने पर्समधून घडी घातलेला आदेश काढून दिला. तोंडी माहिती देऊन वेळ घालवू नये. खाली उपसंचालकांची सही.

अधिकाऱ्यांनी तो बाजूला ठेवला. “कायद्याने तुमची चूक नाही,” एवढंच म्हणाल्या. त्या ‘कायद्याने’ वर किंचित थांबल्या होत्या.

उपसंचालकांना पदावरून काढलं. सहा महिन्यांनी ते निवृत्त झाले. निरोप समारंभाला पाच माणसं होती. टायवाल्याला कंपनीने घालवलं. करार काही मोडला नाही, असे करार मोडत नाहीत. पण एक अट वाढली: प्रणालीतला कुठलाही बदल वहिनीने तपासून सही केल्याशिवाय होणार नाही. तिला वर खोली मिळाली. कंपनीची माणसं कागद घेऊन यायची, आणि ती त्यांना समोर उभं ठेवून प्रत्येक पान पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायची. कधी दोन दोन तास. खुर्ची होती, पण बसा म्हणायची नाही. तिला त्यात सुख मिळायचं. मी नाही म्हणणार नाही.

जुळ्यांच्या नोंदी वेगळ्या व्हायला सात आठवडे लागले. दोघे म्हातारे भाऊ पुन्हा दोन झाले. ती रांगेतली बाई जिवंत झाली. धाकटीही झाली, पण तोवर पंधरा दिवस कधीच उलटून गेले होते आणि तिच्या जागी प्रतीक्षायादीतली दुसरी मुलगी रुजू झाली होती.

चौकशीचा अहवाल वर्तमानपत्रात आला तेव्हा धाकटी तो हातात घेऊन वहिनीच्या खोलीत आली. मी तिथेच होतो, शाई द्यायला आलो होतो.

“मावशी, मी आले होते त्या दिवशी तुला माहीत होतं?”

वहिनी खोटं बोलू शकली असती. म्हणाली, “हो.”

“काय झालंय आणि कुठे झालंय, सगळं?”

“सगळं.”

“आणि तू म्हणालीस, बघते.”

धाकटीने वर्तमानपत्र टेबलावर ठेवलं, नीट घडी घालून, आणि गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिला पुढच्या वर्षी दुसऱ्या शहरात, खाजगी इस्पितळात नोकरी लागली. पगार कमी, घर लांब. बहिणीने काही विचारलं नाही. बहिणीला विचारायची भीती वाटत असावी.

वहिनी निवृत्त झाली त्या दिवशी मी तिला रिक्षात बसवायला गेलो होतो. इतकी वर्षं मनात होतं ते विचारलं, “पुन्हा वेळ आली तर तसंच कराल?”

“त्या दोघांना आजही माझ्यापुढे उभं करा,” ती म्हणाली, “मी पुन्हा पान उलटीन, हात न थांबवता.” मग रिक्षावाल्याला पत्ता सांगितला, आणि तो सांगून झाल्यावर म्हणाली, “पोरीला मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. मग काय व्हायचं ते झालं असतं.”

धाकटी महिन्यातून एकदा आईकडे येते. त्या रविवारी वहिनी मुद्दाम जाते. ती आली की धाकटी उठून आतल्या खोलीत जाते. वहिनी बाहेर बसते, बहिणीशी इकडचं तिकडचं बोलते, चहा सावकाश संपवते, आणि बंद दाराकडे बघून “येते गं” म्हणून घरी जाते. आतून उत्तर येत नाही. ती अजून जाते.